जमिनीखालचे गूढ आवाज म्हणजे 'स्लो अर्थक्वेक' का? त्यामुळे मोठा भूकंप टळतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या लातूर जिल्ह्यातल्या गावात जमिनीतून गूढ आवाज येतात, ते मंद भूकंप (म्हणजे जमिनीखालचा खडक एका झटक्यात न सरकता दिवसेंदिवस हळूहळू सरकतो ते) आहेत का, आणि असतील तर ताकद अशी थोडी थोडी निघून जाऊन मोठा धोका टळतो का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाहीत. दुसऱ्यासाठी मात्र मी आज स्वयंपाक बाजूला ठेवून बसलेय. 'थोडी थोडी निघून जाते' हे वाक्य मी दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा घरातल्या मोठ्या माणसाकडून.

माझं माहेर किल्लारीपासून जवळच. १९९२ साली आमच्याकडे धक्के सुरू झाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ऑक्टोबरात एक चारच्या आसपासचा बसला, मांडणीवरची भांडी खाली आली. आवाजही यायचे, लांब कुठेतरी ट्रकमधून डबर ओतल्यासारखे. महिनाभर सगळं गाव अंगणात झोपलं. आजोबा पारावर बसून सगळ्यांना धीर द्यायचे, "रोज थोडं थोडं निघतंय ते बरंच हाय. एकदम निघालं असतं तर काय केलं असतं?" लोकांना ते पटायचं. मलाही पटलं होतं.

मग धक्के कमी झाले, थंडी आली, माणसं घरात गेली. पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून सगळे उशिरा झोपले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. आई, मी आणि धाकटा भाऊ पडवीत पत्र्याखाली होतो. आजोबा आत, माळवदाखाली. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर पिढ्यान्‌पिढ्या चढवत नेलेला मातीचा थर. त्यांना बाहेर काढायला दुपार झाली.

आजोबांचा हिशेब कुठे चुकला ते मला फार उशिरा कळलं. भूकंपाची तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, दोनने वाढली की हजार पट. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. तेवढी ऊर्जा 'थोडी थोडी' निघायला ४.२ चे हजारभर धक्के बसायला हवे होते. वर्षभरात आम्हाला जाणवले ते शे-सव्वाशे, आणि त्यातले बहुतेक चारपेक्षाही कितीतरी लहान.

दुसऱ्यांदा ते वाक्य ऐकलं अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलमध्ये, दिवाळीच्या फराळाला, माझ्या थोरल्या दिरांकडून. आम्ही इथे घर घेतलं ते जुनं, लाकडी चौकटीचं. चौकट पायावर नुसती ठेवलेली, बांधलेली नाही. मला ती बोल्ट मारून पायाला जखडून घ्यायची होती, काही हजार डॉलरचं काम होतं. त्याच आठवड्यात स्थानिक बातम्यांत आलं होतं की आमच्या पायाखाली मंद भूकंप सुरू झालाय. भाऊजी म्हणाले, "चांगलंच आहे की! प्रेशर कुकरची शिट्टी आहे ती. वाफ निघत राहिली की कुकर फुटत नाही. कशाला पैसे घालवतेस?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चकलीचं ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेले, कारण बोलायला लागले असते तर रडू आलं असतं. जे तेव्हा बोलले नाही ते इथे लिहिते.

वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्याखाली (या पट्ट्याला कॅस्केडिया म्हणतात) समुद्राच्या तळाची एक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, वर्षाला सुमारे चार सेंटिमीटर वेगाने खंडाच्या खाली शिरतेय. जिथे ती वरच्या प्लेटला घासते, तो भाग उथळ बाजूला, समुद्राखाली, घट्ट अडकलेला आहे. बराच खाली, तीस-चाळीस किलोमीटरवर, ती अर्धवट अडकते, अर्धवट सुटते. तिथल्या खडकांतून उष्णतेने आणि दाबाने पाणी बाहेर पडतं, ते फॉल्टमध्ये, म्हणजे दोन प्लेटा एकमेकींना घासतात त्या भेगेत, कोंडतं आणि दोन बाजूंची पकड ढिली करतं. पकड इतकी नाजूक होते की समुद्राच्या भरती-ओहोटीच्या तालावर तिथली कंपनं कमी-जास्त होतात.

साधारण दर चौदा महिन्यांनी हा खोल भाग सरकतो. सेकंदांत नाही, दोन-तीन आठवड्यांत, काही सेंटिमीटर. हाच मंद भूकंप. एका झटक्यात झालं असतं तर साडेसहाच्या आसपासचा भूकंप ठरला असता, पण इथे कप हलत नाही, झोपलेलं बाळ उठत नाही. कॅनडातल्या संशोधकांच्या हे लक्षात आलं ते जीपीएसमुळे. १९९९ साली सात केंद्रं, जी वर्षभर ईशान्येकडे रेटली जात होती, ती काही दिवस उलटी, समुद्राच्या दिशेने सरकली. पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. जपानमध्ये काझुशिगे ओबारा यांनी भूकंपमापकांच्या दाट जाळ्यावर तासन्‌तास चालणारी एक बारीक थरथर पकडली आणि २००२ मध्ये जगापुढे मांडली. तिलाच ट्रेमर म्हणतात. पुढच्या वर्षी गॅरी रॉजर्स आणि हर्ब ड्रॅगर्ट यांनी दाखवलं की कॅस्केडियात ही थरथर आणि ते सरकणं एकाच वेळी होतं. नंतर जपानमधल्या नोंदींवरून कळलं की ही थरथर म्हणजे अगदी चिमुकल्या, मंद कंपनांच्या भूकंपांचा थवा आहे. मुंग्यांची रांग चालावी तसा तो फॉल्टवरून दिवसाला दहाएक किलोमीटर पुढे जातो.

आता कुकरबद्दल. गोधडीच्या एका टोकावर ज्वारीचं पोतं ठेवा आणि दुसरं टोक हिसके देत ओढा. सैल भाग सरकतो, हाताला वाटतं ताण गेला. पण प्रत्येक हिसक्याला पोत्याखालचा भाग आणखी ताणला जातो. कॅस्केडियात हेच होतं. खालचा भाग सरकून स्वतःपुरता मोकळा होतो आणि आपला भार वरच्या अडकलेल्या भागावर टाकतो. तो वरचा भाग २६ जानेवारी १७०० रोजी सुटला होता, तीव्रता नऊच्या आसपास, त्सुनामी पार जपानपर्यंत पोहोचली. तेव्हापासून तो पोत्याखाली आहे. भाऊजी, शिट्टी वाजतेय ती वेगळ्या कुकरची.

हे वाचून कुणी लगेच 'मंद भूकंप आला, आता मोठा येणार' असे मेसेज फिरवू नयेत. इथे दर चौदा महिन्यांनी हे होतं आणि अजून एकदाही त्यामागून मोठा आलेला नाही. २०११ च्या जपानमधल्या तोहोकूच्या भूकंपाआधी फॉल्टचा काही भाग हळूहळू सरकत होता, हे खरं. पण ते भूकंपानंतर नोंदी तपासल्यावर कळलं. ट्रेमर बघून तारीख सांगणारा माणूस फसवतोय.

तुमच्या आवाजांचं राहिलंच. ट्रेमरची कंपनं सेकंदाला एक ते दहा असतात, माणसाच्या कानाला वीसच्या खालचं ऐकू येत नाही, आणि ती येतात तीस किलोमीटर खालून. जो आवाज गावभर ऐकू येतो तो उथळ, लहानशा भूकंपाचा असू शकतो. आपल्याकडचा खडक कठीण, त्यातून असा आवाज चांगला वर पोहोचतो. शिवाय मराठवाड्याखाली एक प्लेट दुसरीखाली शिरत नाही, त्यामुळे माझं कॅस्केडियाचं पुराण तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू नाही. विहिरीचं, खाणीचं सुरुंगकामही तपासून घ्या. प्रत्येक आवाजाची तारीख-वेळ वहीत लिहा आणि तहसीलदारांना लेखी द्या, तोंडी सांगू नका. आवाज आले म्हणजे मोठा भूकंप येईलच असं नाही. आवाज येतात म्हणून टळला, असंही नाही.

आम्ही बोल्ट मारून घेतले, त्याच हिवाळ्यात. भाऊजींचं घर आमच्याहून जुनं आहे आणि अजून नुसतं पायावर ठेवलेलं आहे. हे उत्तर मी त्यांनाही पाठवतेय.

तुम्ही घराबद्दल काहीच लिहिलं नाही. भिंती कशाच्या आहेत? वर माळवद आहे का, आणि त्यावर मातीचा थर किती? म्हातारी माणसं रात्री कुठे झोपतात? तेवढं खाली लिहा, आजच.