वाचकांचे प्रश्न : खडकांवर वेग कामाचा आहे का?

प्रश्न : आम्ही सॅक्रामेंटोला राहतो आणि या उन्हाळ्यात सिएरा नेवाडा डोंगरांतल्या रुबिकॉन ट्रेल या खडकाळ वाटेवर जाणार आहोत. गाडी चार दारांची ऑटोमॅटिक जीप रँग्लर रुबिकॉन असून तिच्यात काहीही बदल केलेला नाही. सह्याद्रीतल्या चिखलात वेग कमी झाला की गाडी रुतायची. खडकांवरही वेग राखूनच जावे का?

उत्तर : मुळीच नाही. चिखलात वेग तारतो, पण खडकावर वेगात आदळलेले चाक उसळते आणि खाली येताना गाडीचा सगळा भार अ‍ॅक्सलवर (चाकांना जोडणाऱ्या आसावर) किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांवर पडतो. तुमच्या गाडीच्या फोर-लोमध्ये (चारही चाके हळू पण जोरात फिरवणाऱ्या गिअरमध्ये) 4:1 असे गुणोत्तर मिळते, म्हणजे वेग चौपट कमी आणि जोर चौपट, ते माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाण्यासाठीच. ऑटोमॅटिक असल्याने उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर हलकेच ठेवण्याचा सराव आधी करा, म्हणजे चाक धोंड्याच्या माथ्यावर पोहोचताच गाडी पलीकडे धाडकन कोसळणार नाही.

नवख्याची हमखास चूक म्हणजे मोठा धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेणे. तसे केल्यास गाडीचे पोट किंवा डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचा, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) त्यावर टेकते, आणि चार दारांच्या लांब गाडीत पोट टेकण्याचा धोका अधिकच. त्याऐवजी टायरच त्या धोंड्यावर चढवा. गाडी उचलली जाते आणि खाली जागा मिळते. समोरच्या डिफरन्शियलचा फुगवटा मध्यभागी नसून चालकाच्या बाजूला असतो, तो निघण्यापूर्वी वाकून स्वतः पाहून घ्या. टायरमधली हवा 18 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास आणली की टायर खडकाला धरून बसतो. बीडलॉक (टायरची कड रिमला घट्ट धरणारे कडे) नसलेल्या रिमवर 15 च्या खाली मात्र जाऊ नका. परतीसाठी टायरमध्ये पुन्हा हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच.

गाडीबाहेर उभे राहून वाट दाखवणारा माणूस एकच असावा. दोघे ओरडू लागले की चालकाने थांबावे, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, कारण चाक खडकाला अडून झटका बसला तर बोट दुखावते.

या ट्रेलवरच्या लिटल स्लूस या धोंड्यांच्या टप्प्याचे जुने व्हिडिओ पाहून धास्तावू नका, तिथले मोठे धोंडे फोडून वाट पुष्कळ सुकर केली आहे. वाटेतल्या रुबिकॉन स्प्रिंग्ज या मुक्कामाच्या जागेनंतरचा कॅडिलॅक हिलचा चढ मात्र दमल्या अंगाने चढू नये. स्प्रिंग्जलाच मुक्काम करावा. एकटी गाडी नेऊ नका, आणि सांडलेले तेल शोषणारा संच व शौचाच्या पिशव्या सोबत ठेवा.