किरणांची भीती की लोकांची?

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं आहे. मुलीला दहावीला ९४ टक्के. बारावीनंतर वर्षभर तिला लातूरला खोली घेऊन ठेवलं. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा झाली, दुसऱ्यांदा ४३८ गुण. गेल्या वर्षी आजोबांची स्ट्रेस थॅलियम टेस्ट (किरणोत्सारी औषध टोचून हृदयाच्या स्नायूला रक्त पोचतंय का ते बघायची तपासणी) झाली, तेव्हापासून ती अशा तपासण्यांच्या शाखेत, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये बी.एस्सी. करायचं म्हणते. वडील लिहितात : ‘तिला कार्डिओलॉजिस्ट करायचं आमचं स्वप्न आहे. टेक्निशियनच व्हायचं तर एवढं शिकवलं कशाला? शिवाय किरणांत काम करणाऱ्या मुलीचं लग्न कसं जमणार, पुढे मूलबाळ? तिसऱ्या प्रयत्नासाठी तिची समजूत काढा.’

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खोलीभाडं, क्लासची फी, प्रत्येक टेस्ट सिरीजचे गुण, सगळं तारीखवार लिहिलंय तुम्ही. पण मुलगी या वर्षात कशी होती, नीट जेवत होती का, झोपत होती का, यावर दोन पानांत एक ओळ नाही. मला मार्कांपेक्षा याची काळजी वाटली.

पत्राच्या शेवटी वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात चार ओळी आहेत. पाकीट बंद करण्याआधी तिने त्या लिहिल्या असाव्यात. ती म्हणते : ‘आजोबांच्या हृदयाचे फोटो रांगेने होते. चालवल्यानंतरच्या रांगेत रिंगचा खालचा भाग विझल्यासारखा दिसत होता. आरामातल्या रांगेत तोच भाग पेटलेला होता. म्हणजे तिथला स्नायू जिवंत आहे ना?’

ज्या दिवशी घरातले सगळे रिपोर्टमध्ये काय निघतंय या धास्तीत होते, त्या दिवशी या मुलीने दोन रांगा ताडून पाहिल्या आणि नेमका डॉक्टरांना पडतो तो प्रश्न विचारला. तुम्ही त्याला ‘खूळ’ म्हटलंय. माझ्याकडे वर्षाला कितीतरी मुलं येतात, ‘तुला काय बघायला आवडतं’ असं विचारलं की आईबाबांकडे बघतात. तुमच्या मुलीकडे उत्तर आहे. तिची समजूत मी काढणार नाही.

आता किरणांचं. तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही, मुलीच्या बापाला ती वाटणारच. पण एक विचारते. ज्या कार्डिओलॉजिस्टचं स्वप्न तुम्ही पाहताय, तो दिवसभर कुठे उभा असतो? अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी क्ष-किरणांखालीच होते. कॅथलॅबमध्ये तो अंगावर शिशाचा एप्रन आणि गळ्याला शिशाची पट्टी बांधून उभा असतो. तिथले किरण तुम्हाला चालतात आणि इथले चालत नाहीत. म्हणजे अडचण किरणांची नाही, ‘टेक्निशियन’ या शब्दाची आहे. चार लोकांत काय सांगायचं, ही आहे. ती तशीच लिहिली असती तरी मी समजून घेतलं असतं. मुलीच्या होणाऱ्या बाळाला मध्ये आणायला नको होतं.

तरीही उत्तर देते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. या विभागात औषधाला किरणोत्सारी अणू जोडून ते अगदी थोड्या मात्रेत रुग्णाला टोचतात. गॅमा कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही. किरण रुग्णाच्या अंगातून येतात आणि कॅमेरा ते टिपतो. त्यामुळे तिथे काम करणाऱ्याची शिस्त तीन गोष्टींची : जवळ थोडा वेळ थांबायचं, जमेल तेवढं लांब राहायचं आणि मध्ये आडोसा ठेवायचा. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता साधारण चौथाईवर येते. हे तुमच्या मुलीला सांगायला नको, फिजिक्सवालीला पाठ असतं. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, त्याची ठरावीक काळाने तपासणी होऊन किती किरण लागले याची नोंद राहते. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यासाठी मर्यादा घातली आहे : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुम्हाआम्हाला माती, हवा, आकाशातून वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. वंध्यत्व यायला लागणारा डोस या मर्यादेच्या कितीतरी पट असतो. बाई गरोदर आहे असं कळवल्यावर तिच्या पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टवर येते आणि काम त्याप्रमाणे बदलून मिळतं. लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलंच, तर हे आकडे तुमच्या तोंडून जाऊ देत.

आणि ‘टेक्निशियनच’ मधला तो ‘च’. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना घेऊन मी पेट स्कॅनला गेले होते. कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायचं होतं. पेशींना साखर लागते, कॅन्सरच्या बहुतेक पेशींना जास्तच. म्हणून साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून टोचतात आणि ती कुठे जमा होते ते पाहतात. या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. पहाटे सहाला सायक्लोट्रॉनवरून (हे अणू बनवणाऱ्या यंत्रावरून) निघालेला डोस आठला दहा कमी असताना निम्मा झालेला असतो, नऊ चाळीसला पाव. गाडी अडकली तरी तो कुणासाठी थांबत नाही. हा सगळा हिशोब हॉट लॅबमधली, म्हणजे किरणोत्सारी डोस तयार करतात त्या खोलीतली, एक पंचविशीतली मुलगी शिशाच्या काचेआडून करत होती. सिरिंज टंगस्टनच्या जाड नळीत, मनगट स्थिर. टोचून झाल्यावर तासभर गप्प पडून राहायचं असतं, बोललं की गळ्याचे स्नायू साखर ओढतात आणि चित्रात चमकतात. आमचे सासरे बोलल्याशिवाय राहणारे नव्हते. तिने दारातूनच सांगितलं, ‘आजोबा, तुम्ही बोललात तर मला खोटं चित्र येईल.’ तासभर ते शब्द बोलले नाहीत. त्या सकाळी आम्हाला भेटलेल्या माणसांत सगळ्यात जास्त आधार तिचा वाटला.

मुलीलाही सरळ सांगते. पहाटेची ड्युटी असते. सांडलेली लघवीसुद्धा किरणोत्सारी धरून पुसावी लागते. पेट-सीटी शहरांत, त्यामुळे घर सोडावं लागणार. सुरुवातीचा पगार डॉक्टरच्या जवळपासही नसतो, आणि रिपोर्टवर सही न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरची असते, तिची नसणार. एका दुपारचं बघणं पुरेसं नाही. एखाद्या विभागाकडे परवानगी मागून दिवसभर बसून यावं.

आणि बी.एस्सी. न्यूक्लिअर मेडिसिन हाच रस्ता, असं मला वाटत नाही. तुम्हीच कळवलेले गुण बघा : फिजिक्सला १८० पैकी १४०, बायोलॉजीला ३६० पैकी १९५. वर्षभर तुम्ही या मुलीला तिच्या कमकुवत विषयाकडे ढकलत होता. मी तिच्या जागी असते तर चांगल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली असती. पुढे दोन दारं उघडी राहतात. एक, न्यूक्लिअर मेडिसिनमधलं पदव्युत्तर शिक्षण. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच सुरू झाला. दुसरं, एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट, रुग्णालयातल्या किरणांचा हिशोब सांभाळणारी. तिला हे दुसरं जास्त मानवेल असा माझा कयास आहे. बारावीनंतर लगेच प्रवेश घ्यायचाच असेल, तर त्या संस्थेच्या रुग्णालयात स्वतःचा गॅमा कॅमेरा आणि नियामक मंडळाचा परवाना आहे का, एवढं आधी बघा. ‘इमेजिंग’च्या नावाखाली एक्स-रेचा डिप्लोमा विकणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या नीटबद्दल माझं मत ‘नको’ असंच आहे. तिला स्वतःला द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. पण हे तिला विचारा, आणि तिच्या आईच्या देखत विचारा.

बाळ, आता तुझ्या प्रश्नाचं. हो, तो स्नायू जिवंत आहे. आजोबा धापा टाकत असताना टोचलेलं औषध जिथे रक्त पोचलं तिथे जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. नावात थॅलियम असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम हाच किरणोत्सारी अणू वापरतात. आरामाच्या चित्रासाठी ते वेगळं टोचतात. चालताना कमी पडलेलं रक्त आरामात पुरलं, म्हणून तो भाग पुन्हा पेटला. अँजिओग्राफीत पाटात गाळ किती साचलाय ते कळतं, इथे टोकाच्या वाफ्याला पाणी पोचतंय का ते. दोन्ही रांगांत विझलेला राहिला तर तिथे बहुधा जुन्या अ‍ॅटॅकचा व्रण असतो. बहुधाच म्हणते, कारण काही स्नायू रक्त कमी म्हणून नुसता दबून बसलेला असतो. तो ओळखायला तीच कॅन्सरवाली साखर टोचतात. रक्त पोचत नाही पण साखर खातोय, म्हणजे जिवंत आहे, बायपासने सावरू शकतो. आजोबांचा रिपोर्ट कपाटात असेल. त्यात ‘रिव्हर्सिबल’ असा शब्द कुठे आहे, शोध.