दुष्काळ आजीनं सोसला, शुगर बाबांना?

प्रश्न: आमचं गाव सिन्नरकडचं, आता नाशिकला सिडकोत असतो. ७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी नि सुकडी खाऊन, तेव्हा बाबा पोटात होते. बाबा अंगानं काटकुळे, तरी चाळिशीतच शुगर निघाली. त्याचा याच्याशी संबंध असेल का, मलाही होईल का?

उत्तर: ताई, एकट्या बाबांबद्दल ठामपणे नाही सांगता येत, पण संबंध असू शकतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मनांनी अन्न अडवलं, माणशी दिवसाला हजार कॅलरीपण मिळेनात, तेव्हा जी बाळं आईच्या पोटात होती त्यांना मोठेपणी तपासलं तर साखरेचा त्रास जास्त निघाला, आणि उपासमार गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या महिन्यांत झाली असेल तर हृदयविकारही. साठ वर्षांनीही या सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांच्या आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जीनवरच्या रासायनिक खुणा, पोटात असताना उपासमार न सोसलेल्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होत्या, म्हणजे जीन तोच, वापर वेगळा.

आणि बारीक माणसाला शुगर होत नाही हे डोक्यातून काढाच. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं वजनाला कमी पण त्यामानानं चरबी जास्त घेऊन जन्मतात.

नातवंडांपर्यंत हे पोचतं याचे माणसांमधले पुरावे अजून तोकडे आहेत, त्यामुळे घाबरू नका, पण वडिलांना शुगर आहे एवढं कारण तुमच्यासाठी पुरेसं आहे, वर्षातून एकदा फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करा. बाळाचा विचार असेल तर आधीच हिमोग्लोबिन, बी१२ बघून घ्या, आणि दिवस गेल्यावर शुगरची टेस्ट चुकवू नका.