‘करंट संपतो कुठे?’

ताई, नमस्कार.

पत्रात तुम्ही लिहिलंय की, मुलगा दहावीत आहे, विज्ञानात कसेबसे पास होण्याइतके गुण आहेत आणि घरातला प्रत्येक चार्जर त्याने उघडून पाहिलाय. त्याचे बाबा नाशिकच्या अंबडला स्विचगिअरच्या (विजेचे स्विच, ब्रेकर बनवणाऱ्या) कारखान्यात आहेत आणि त्याने अकरावी सायन्स करून इंजिनिअर व्हावं असं त्यांना वाटतं. तुम्हाला मात्र हे त्याला झेपेल की नाही याची धास्ती आहे. पण मी अडखळलो ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर. ‘बल्बमधून गेल्यावर करंट संपतो का?’ असं त्याने वर्गात विचारलं आणि ‘सूत्र पाठ कर’ असं सांगून त्याला खाली बसवलं.

ताई, हा प्रश्न ढ मुलाला पडत नाही. करंट संपत नाही. बल्बमध्ये जेवढा शिरतो तेवढाच बाहेर पडतो, खर्च होते ती ऊर्जा. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण त्याला द्या. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर, ते व्होल्टेज. नळातून वाहणारं पाणी म्हणजे करंट आणि अर्धवट पिळलेली चावी म्हणजे रेझिस्टर. फक्त एक फरक सांगा. पाइप कापला तर पाणी सांडतं, वायर कापली तर प्रवाहच थांबतो. इथे वाट गोल पूर्ण व्हावी लागते.

आता त्याला हे स्वतः मोजू द्या. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर (पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी) आणि साधा मल्टिमीटर (करंट, व्होल्टेज मोजणारा मीटर), एवढंच लागतं. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. उरलेल्या ७ व्होल्टना रेझिस्टरच्या ४७० ओहमने भागलं की करंट येतो, सुमारे १५ मिलीअँपिअर. मीटर सर्किटमध्ये ओळीने (म्हणजे वायर तोडून मध्ये) जोडून एलईडीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करंट मोजायचा. आकडा तोच येईल. करंटच्या रेंजवर असताना मीटर थेट बॅटरीला लावायचा नाही, फ्यूज जातो.

आणि चार्जर उघडणं आजपासून बंद. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, धक्का जबर बसू शकतो. घरच्या २३० व्होल्टशी खेळ नको, हे बाबांनी सांगितलं तर तो ऐकेल.

मार्गाचं म्हणाल तर माझा कौल डिप्लोमाकडे आहे. दहावीनंतर तीन वर्षं, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे बाबांची इच्छाही मोडत नाही. नाशकात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मात्र पहिल्या वर्षी गणित आहेच, ते आतापासून पक्कं करायला हवं. गुण फारच कमी पडले तर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड घ्यावा. त्यानंतरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यात कमीपणा मानू नका, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ही माणसं लागतातच.

शाखा ठरवायची घाई नको. एलईडी लागल्यावर तो ‘आता मोटर फिरवू’ म्हणतो की ‘एलईडीवर २च व्होल्ट का पडले?’ विचारतो, याकडे लक्ष ठेवा. पहिलं असेल तर इलेक्ट्रिकल, दुसरं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. तो काय म्हणाला ते मला कळवा आणि दोन्ही वेळचे आकडे त्याच्याच अक्षरात पाठवा.