सिस्टरचं नाव नऊ वर्षं पाठ, मग मुलगी सिस्टर का नको?

प्रश्न : मुलीने ‘नीट’ ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा ३३८, दुसऱ्यांदा ३९१. आता लातूरला क्लासला पाठवून तिसरा प्रयत्न करायचा विचार आहे. तरीही जमलं नाही तर कागलजवळची दोन एकर विकून खासगी कॉलेजात एमबीबीएसला घालू. आमचा धाकटा ३१व्या आठवड्यात झाला होता, म्हणून हिने लहान बाळांचीच डॉक्टर व्हावं ही आमची इच्छा. ती मात्र नर्सिंग म्हणून हटून बसली आहे. तिला समजावून सांगा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. वर तुमच्या पत्राचा सारांश दिलाय. मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यात मुलीच्या तोंडचं वाक्य एकच. मार्कांचं राहू दे. मला खटकलं ते तिसऱ्या पानावरचं तुमचं वाक्य : ‘आमच्या घराण्यात कुणी सिस्टर झालेली नाही, पै-पाहुण्यांत काय सांगू?’

आता त्याच पत्राचं पहिलं पान पुन्हा वाचा. बाळ १४०० ग्रॅमचं, पेटीत ठेवलेलं. बायकोचं बीपी उतरेना. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ बघून जायचे. पण नळीतून दूध कसं द्यायचं, बाळ उघड्या छातीशी कसं धरायचं, हे एका सिस्टरने शिकवलं. तिचं नाव, गाव, ड्युटीच्या वेळासुद्धा नऊ वर्षांनंतर तुम्हाला पाठ आहेत. दिवाळीचा फराळ अजून तिच्या घरी जातो म्हणता. आणि तेच काम पोटची पोर करीन म्हणाली की अब्रू जाते? तेव्हा तीही नऊ-दहा वर्षांची होती. तिनेही ती सिस्टर पाहिली असेलच की.

‘सिस्टर म्हणजे डॉक्टर सांगतील तेवढं करणारी’ असं तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज घरोघरी आहे. कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन लावला की रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखायचं असतं. कमी पडला तर जिवाला धोका. जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊन बाळाची दृष्टी जाऊ शकते. रात्री तीन वाजता त्या आकड्यावर नजर ठेवणारी, दोन-तीन मिली दूध मोजून देणारी, पोट फुगलंय का हे बघून पुढचं दूध थांबवून डॉक्टरांना उठवणारी सिस्टरच असते. आईचं बीपी वाढून झटके यायची भीती असली की मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याचा पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६च्या खाली गेलेत का, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का, हे बघावं लागतं. यातलं एक जरी चुकीचं दिसलं तर डोस थांबतो. हे हुकूम झेलणाऱ्याचं काम नव्हे.

जमिनीबद्दल स्पष्टच बोलतो. ती विकून जे मिळेल ते एमबीबीएस, म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यात ती बाळांची डॉक्टर होत नाही. त्यासाठी पुन्हा नीट-पीजी आणि तीन वर्षं एमडी. नवजात शिशुतज्ज्ञ व्हायचं तर आणखी एक प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं डीएम. तेव्हा विकायला काय काढणार? मुलीला स्वतःला हे हवं असतं तर मी एवढा आडवा आलो नसतो. हवंय ते तुम्हाला.

नर्सिंगची वाट सांगतो : बारावी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), राज्याची बीएस्सी नर्सिंग सीईटी, चार वर्षं, मग कामाचा अनुभव घेऊन नवजात शिशु परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा. गरोदर बायकांच्या बाजूला जायचं असेल तर मिडवाइफरीतलं पुढचं शिक्षण आहेच. फक्त कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते आधी तपासा. ‘सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी’ असल्या पाट्यांच्या नादी लागू नका.

हे क्षेत्र गोड आहे असंही मी म्हणत नाही. खासगीत सुरुवातीचा पगार पाहून तुम्ही मलाच फोन कराल. सरकारी भरती झाली तर पगार चांगला, पण जागा निघेपर्यंत थांबावं लागतं. रात्रपाळ्या चुकत नाहीत. आणि सगळीच बाळं तुमच्या धाकट्यासारखी घरी जात नाहीत. हे तिला आत्ताच कळायला हवं. ओळखीने एखाद्या नवजात विभागातल्या सिस्टरशी तिची गाठ घालून द्या. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सरकारी सीपीआरमध्ये, ओळख नाही असं कोल्हापुरात घर सापडायचं नाही. तुम्ही सोबत बसू नका.

पुढचं पत्र तिने लिहावं. मला दोनच गोष्टी कळायला हव्यात : नर्सिंग हे नीटला कंटाळून म्हणतेस की मनापासून? आणि भाऊ पेटीत नसता तरी हेच निवडलं असतंस का? मनापासून हवंय, पण एमबीबीएसच, असं तिचं उत्तर आलं तर तिसरा प्रयत्न घरी राहून करू दे, लातूर नको. जमिनीचा व्यवहार मात्र थांबवा. विसार घेतला असेल तर परत करा.