गॅरेजमधल्या कार लिफ्टचा खड्डा कशाने झाकावा, चेकर्ड प्लेट की प्लायवुड?

तुम्ही लिहिलंय की सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांवर गाडी उचलणारी) फूटभर खोल खड्ड्यात आहे, खाली आणली की तिचे दोन्ही प्लॅटफॉर्म फरशीच्या पातळीत येतात, पण त्यांच्या मधली अडीच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब जागा उघडी राहते, आणि घरात लहान मुलं आहेत. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, असली झाकणं आम्ही बनवतो. चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीची लोखंडी प्लेट, की प्लाय हे नंतर ठरवा. आधी सांगा, त्या झाकणावरून चाक जाणार आहे का?

गाडी सरळ आत, सरळ बाहेर होत असेल तर चाकं प्लॅटफॉर्मवरूनच जातात. मग मधे फक्त माणसांचं वजन. १८ मिमीचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), खालून आडव्या पट्ट्या, कडांना रंग, काम झालं. पण दुसरी गाडी कधीमधी तिरकी घुसवत असाल तर हिशेब बदलतो. दीड टनाच्या गाडीचं पुढचं एकेक चाक ४०० किलोच्या आसपास भार देतं, आणि तोही दोन तळहातांएवढ्या जागेवर. त्याला ६ मिमीची चेकर्ड प्लेट आणि खाली दर २५० मिमीला अँगल, म्हणजे L आकाराची लोखंडी पट्टी, हवाच.

आता वजन बघा. ही प्लेट चौरस मीटरला जवळपास ५० किलो भरते, म्हणजे तुमच्या जागेला ७५ किलो, अँगल वेगळे. एकाच तुकड्यात केलीत तर उचलायला दोघं लागणार. चार दिवस हौसेने उचलतील, मग ती भिंतीला टेकून उभी राहील. लहान मुलांच्या घरात टेकवलेली लोखंडी प्लेट खड्ड्यापेक्षा वाईट. म्हणून तीन तुकडे करा, प्रत्येकाला आत दुमडणारी कडी. गाडी जोरात निघाली की सुटी प्लेट सरकते, तेव्हा खालच्या बाजूला अडकणीचे तुकडे वेल्ड करून घ्या.

झाकण टेकवायचं कशावर, इथे बरेच जण फसतात. खड्ड्याची काँक्रीटची कड तुम्हाला फक्त पुढे आणि मागे मिळते. डाव्या-उजव्या बाजूला लिफ्टचे प्लॅटफॉर्म आहेत. त्यांच्यावर झाकण टेकवू नका, लिफ्ट उचलली की तेही उचललं जाईल. लांबीच्या दिशेने दोन चॅनेल (C आकाराच्या लोखंडी तुळया) टाका, टोकं काँक्रीटमध्ये, मधे तळातून खांब, आणि तुकडे त्यांच्यावर आडवे ठेवा. झाकण आणि प्लॅटफॉर्म यांच्यात दोन्ही बाजूंना इंचभर फट सोडा. ती रबराने बुजवू नका, आणि प्लॅटफॉर्मच्या कडेने पिवळा पट्टा मारा. प्लॅटफॉर्म खाली येताना तिथे बोटं चिरडतात.

माप देण्याआधी रिकामी लिफ्ट एकदा सावकाश वर-खाली करून बघा. काही लिफ्टमध्ये दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा मधून वर येतो. तुमच्यात तसं असेल तर कायमचं झाकण जमणार नाही, लिफ्ट वापरताना दर वेळी तुकडे काढावे लागतील. नसेल तर उत्तम, झाकण जागेवर राहील आणि गाडीखाली काम करताना त्यावरच उभं राहता येईल.

खड्डा हवाबंद करू नका. पेट्रोलची आणि एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. सीएनजी हलका, वर जातो, पण म्हणून बेफिकीर राहू नका, सीएनजी गाडीतही पेट्रोलची टाकी असतेच. झाकणाला भोकं ठेवा, आणि मोटर, स्विच, पॉवर पॅक (लिफ्टला तेलाचा दाब देणारा पंप) खड्ड्यात असेल तर ठिणगीचा धोका नको म्हणून बाहेर भिंतीवर घ्या. पावसाळ्यात गाडीवरून निथळलेलं पाणीही तिथेच उतरतं, तेव्हा तळाला उतार देऊन एका कोपऱ्यात छोटा खळगा करा. झाकलेल्या खड्ड्यात उंदीर हमखास येतात आणि केबल कुरतडतात, म्हणून भोकांना आतून जाळी लावा आणि महिन्यातून एकदा तिन्ही तुकडे उचलून लिफ्टच्या तेलाचे होज पाइप तपासा.