मटेरियल्स संशोधन पुढे नेण्यात व्यावसायिक वैज्ञानिक संस्थांची नेमकी भूमिका काय असते? शोधनिबंध घरबसल्या मिळत असताना विद्यार्थ्याने सदस्यत्व का घ्यावे?

हा प्रश्न वाचताना मला आमच्या मार्गदर्शकांचाच आवाज ऐकू आला. ‘सोसायटी म्हणजे सत्कार, पदके आणि मेजवान्या, काम प्रयोगशाळेत होते,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी वार्षिक अधिवेशनाला जाण्यासाठी मी अर्ज केला, तेव्हा हेच वाक्य ऐकवून त्यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. मी रजा टाकून स्वखर्चाने गेले.

त्या वेळी माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती. बॉल मिलमध्ये (कठीण गोळ्यांनी पूड दळणाऱ्या फिरत्या भांड्यात) दळून भाजलेल्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) एक्सआरडी आलेखात, म्हणजे नमुन्यातले स्फटिक क्ष-किरण कोणत्या कोनांत वळवतात हे दाखवणाऱ्या आलेखात, 30 अंशांच्या जरा पुढे एक बुटके शिखर दिसत होते. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात ॲल्युमिनाची शिखरे साधारण 25.6 आणि 35.1 अंशांवर येतात आणि मधली जागा मोकळी असते, त्यामुळे ते शिखर लपणे शक्यच नव्हते. मिश्रणात मी घातलेल्या मूलद्रव्यांची सगळी कार्डे (ज्ञात पदार्थांच्या शिखरांच्या संदर्भनोंदी) ताडून पाहिली, एकही जुळेना. शिवाय दळण्याचा वेळ वाढवला की शिखरही वाढत होते. दळण्यामुळे एक नवी फेज (वेगळ्या स्फटिकरचनेचा पदार्थ) तयार होत आहे, असा निष्कर्ष काढून मी सात महिने त्या फेजचा पाठलाग केला होता आणि भित्तिपत्रकाच्या मथळ्यातही ‘नवी’ हा शब्द घातला होता.

भित्तिपत्रकांच्या सत्रात रिफ्रॅक्टरी (भट्टीची उष्णता सोसणाऱ्या) विटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक अभियंते माझ्यासमोर थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आलेखाच्या अगदी जवळ जाऊन त्या शिखरावर बोट ठेवले आणि विचारले, ‘मिलमधल्या गोळ्या कशाच्या आहेत?’ मी म्हणाले, झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइडच्या). ‘दळण्याआधी आणि दळल्यानंतर त्यांचे वजन केले आहे का?’ मी केले नव्हते. ते मान हलवून पुढच्या भित्तिपत्रकाकडे गेले. परत आल्यावर मी पहिले काम गोळ्यांचे वजन करण्याचे केले आणि प्रत्येक फेरीनंतर ते घटत असल्याचे दिसले, म्हणजे गोळ्या झिजून त्यांचीच पूड नमुन्यात मिसळत होती. टेट्रॅगोनल स्फटिकरचनेच्या झिर्कोनियाचे सर्वांत प्रबळ शिखर 30.2 अंशांच्या आसपास येते. मी कार्डे शोधताना झिर्कोनियम हे मूलद्रव्य यादीतच घेतले नव्हते, कारण ते मी ‘घातले’ नव्हते.

मार्गदर्शकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘हे मीही सांगितले असते.’ सात महिने दर आठवड्याच्या बैठकीत तोच आलेख त्यांच्यासमोर होता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आपल्या नमुन्याकडे वेगळ्या धंद्यातला माणूस पाहील, अशी वेळ आणि जागा नियमितपणे उपलब्ध करून देणे, हे अशा संस्थेचे सर्वांत मोठे काम आहे आणि कोणतीही एकटी प्रयोगशाळा ते करू शकत नाही. 1973 मध्ये अमेरिकेत मटेरियल्स रिसर्च सोसायटी निघाली, ती याच गरजेतून. धातू, सिरॅमिक आणि घन अवस्थेचे भौतिकी यांची माणसे आपापल्या संस्थांत बसून तेच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत सोडवत होती. आणि मार्गदर्शक ज्या कार्डांच्या भरवशावर ‘काम प्रयोगशाळेत होते’ म्हणत होते, तो संग्रहही 1941 मध्ये स्थापन झालेल्या एका संयुक्त समितीचा वारसा आहे, आणि त्या समितीमागे चाचणी व मटेरियल्सविषयीची अमेरिकन संस्था (एएसटीएम) उभी होती. धातूतल्या स्फटिककणांचा सरासरी आकार मोजण्याची ई 112 ही प्रमाण पद्धतही त्याच संस्थेची. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडता येतात, ते अशा कंटाळवाण्या समित्यांमुळे.

तरीही मंचावर काय वाचले जाते, याला मी फारसे महत्त्व देत नाही. लोखंडातले फॉस्फरस काढून टाकण्याची रीत सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या पोलीस न्यायालयातल्या कारकुनाने 1878 मध्ये आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटच्या सभेत जाहीर केली, तेव्हा जमलेल्या तज्ज्ञांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्याच वर्षीच्या पॅरिस सभेत त्याचा निबंध वाचलाच गेला नाही, पुढे ढकलला गेला. परंतु त्याच पॅरिसच्या सभेनिमित्त त्याची गाठ मिडल्सब्रोच्या कारखान्याचे व्यवस्थापक विंडसर रिचर्ड्स यांच्याशी पडली, आणि 1879 मध्ये तिथल्या मोठ्या भट्टीत ती रीत यशस्वी झाली. व्यासपीठाने जे नाकारले, ते सभेच्या आवारात जमले.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मार्गदर्शक सर्वस्वी चुकीचे नव्हते. काही संस्थांमध्ये पदके त्याच दहा जणांत फिरतात, सभागृहात प्रत्येक जण जमलेलेच प्रयोग दाखवतो, आणि नुसते शुल्क भरून घरी बसणाऱ्याला एका नियतकालिकापलीकडे काही मिळत नाही. आपला विषय शुद्ध संगणकीय असेल, तर गोळ्यांचा प्रश्न विचारणारा कोणी भेटेलच असेही नाही. त्या बाबतीत मला अनुभव नाही.

आपण विद्यार्थी असाल, तर विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर संपण्यापूर्वी सदस्य व्हा आणि पहिल्या अधिवेशनाला न जमलेला आलेख घेऊन जा. सोबत दळण्याचा वेळ, गोळ्या, मुशी, भट्टीचे अस्तर, सगळे लिहून ठेवा. विचारणारा नेमके तेच विचारतो. मार्गदर्शक नको म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका, मी त्यात एक वर्ष घालवले. माझ्या सदस्यत्वाच्या अर्जावर शिफारस म्हणून कोणत्याही एका सदस्याची सही चालणार होती. ती मी त्या विटांच्या कारखान्यातल्या अभियंत्यांकडून घेतली आणि अर्जाची प्रत मुद्दाम मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवली.